तिसरी तार



विजेच्या बोर्डावर प्लग बसवायची जी जागा असते, तिला तीन भोके असतात. खाली दोन लहान, वर एक मोठे. लहान भोकांत काय असते असे घरातल्या कोणालाही विचारा, "करंट" असे उत्तर येईल. वरचे मोठे कशासाठी, असे विचारले की "ते अर्थिंगचे" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. अर्थिंग म्हणजे काय, ते आपल्या घरात आहे का, असले तर शेवटचे कधी तपासले, हे सहसा कोणी विचारत नाही. दिवा लागतो, पंखा फिरतो, मग आणखी काय पाहिजे?

मी जन्मभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले. वीज हा माझा विषय नव्हे. पण प्रत्येक वस्तूला इतिहास असतो आणि तो कळला की वस्तू निम्मी कळते, असा माझा अनुभव आहे. म्हणून आज या तिसऱ्या भोकामागच्या तिसऱ्या तारेचा इतिहास सांगतो. वीज म्हटले की ज्यांना दहावीचे विज्ञान आठवून घाम फुटतो, त्यांनीही जरूर वाचावे. भागाकारापलीकडचे गणित यात नाही.

आधी नावे पाहू. शाळेच्या पुस्तकात या तीन तारांना विद्युन्मय तार, तटस्थ तार आणि भूसंपर्कन तार म्हणतात. वायरमन म्हणतो फेज, न्यूट्रल आणि अर्थ. फ्यूजला पुस्तकात 'वितळतार' असा सुरेख शब्द आहे. शब्द ऐकला की वस्तूचे काम कळते! मात्र लासलगावच्या बाजारात जाऊन वितळतार मागितलीत तर दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघत राहील. तेव्हा मी या लेखात बाजारातलेच शब्द वापरतो.

आता एसी आणि डीसी. (हल्ली एसी म्हटले की लोकांना थंड हवेचे यंत्र आठवते. ते नव्हे!) डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. बॅटरीतून मिळते ती ही. एसी म्हणजे सारखी दिशा बदलणारी वीज. आपल्या घरात येते ती एसी. एका सेकंदात तिची ५० आवर्तने होतात, म्हणजे शंभर वेळा ती उलटी फिरते.

एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केले ते डीसीचे होते. त्यात एक अडचण होती. डीसीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवायची किंवा कमी करायची सोपी युक्ती तेव्हा नव्हती. कमी दाबाची वीज लांब न्यायची तर ती वाटेतच तारा तापवण्यात खर्च होते. वीजघराच्या आसपास मैलभर दिवे लागायचे आणि पुढे अंधार. एसीचा दाब मात्र ट्रान्सफॉर्मरने हवा तसा वाढवता येतो आणि उतरवता येतो. दाब दहापट केला की तेवढीच वीज न्यायला प्रवाह एकदशांश लागतो, आणि तारांत वाया जाणारी उष्णता एकशतांश होते. या एका हिशेबावर वेस्टिंगहाऊस आणि टेस्ला यांची एसी जिंकली.

ही अमेरिकेतली लढाई आपल्याला दूरची वाटते. पण तिची खूण आमच्या रेल्वेलाइनवर कित्येक वर्षे उभी होती. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. हीच डीसी पुढे घाट चढून १९३० साली इगतपुरीपर्यंत आली. नंतर साठच्या दशकाच्या अखेरीस इगतपुरी ते भुसावळ विद्युतीकरण झाले तेव्हा काळ बदलला होता. ते २५,००० व्होल्ट एसीवर झाले. आमचे लासलगाव स्टेशन या टप्प्यात येते. त्यामुळे एका बाजूने डीसी, दुसऱ्या बाजूने एसी आणि मधे इगतपुरी! मुंबईला जाणारी गाडी इगतपुरीला बराच वेळ थांबायची आणि इंजिन बदलायचे. आम्ही खाली उतरून वडे खायचो. "घाटाचे इंजिन लागते आहे" असे मोठी माणसे सांगत, आणि ते खरेच होते, पण एडिसन आणि वेस्टिंगहाऊस यांचे भांडण आपल्या वड्याच्या वेळी मिटवले जाते आहे हे कोणाच्या गावी नव्हते. पुढे तो सांधा मुंबईकडे सरकत गेला आणि जून २०१५ मध्ये मध्य रेल्वेची मुख्य लाइन मुंबईपर्यंत पूर्णपणे एसीवर आली.

घराच्या विजेचीही हीच वाट. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि घाटाच्या पायथ्याची वीज सुमारे ७० किलोमीटरवरच्या मुंबईतल्या गिरण्यांना मिळू लागली. एसी नसती तर हे जमले नसते. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, २० जून १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९६२ साली कोयनेची वीज आली. १९७० च्या सुमारास आमच्या नाशिकजवळ एकलहऱ्याचे औष्णिक केंद्र उभे राहिले. २००५ साली मंडळाचे तुकडे झाले आणि वाटपाचे काम महावितरणकडे गेले. पण जुनी माणसे आजही 'बोर्डाचे ऑफिस'च म्हणतात.

एकलहऱ्याहून निघालेली वीज लाखांच्या घरातल्या व्होल्टने प्रवास करते, मग उपकेंद्रांतून उतरत उतरत ११,००० व्होल्टवर येते आणि गावच्या डीपीवर पोचते. डीपी म्हणजे खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर. तो ११,००० चे सुमारे ४०० करतो. त्यातून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट, आणि कोणताही एक फेज व न्यूट्रल यांच्यात २३०. विहिरीवरच्या मोटारीला तिन्ही फेज लागतात, घराला बहुधा एक फेज आणि न्यूट्रल पुरतो. म्हणजे वीज नांदायला येते ती दोनच तारांनी. मग तिसरी कुठून आली?

इथे खरा इतिहास सुरू होतो. त्याची सुरुवात तारायंत्रापासून आहे. म्युनिकमध्ये श्टाइनहाइल नावाच्या शास्त्रज्ञाला १८३८ साली असे आढळले की तारायंत्राला जाण्यासाठी एक तार पुरते, परतीच्या तारेची गरज नाही. दोन्ही टोकांना जमिनीत धातूचे पत्रे पुरले की पृथ्वीच परतीच्या तारेचे काम करते. अर्धी तार वाचली! तारायंत्राच्या जमान्यात पृथ्वी अशी फुकटची मजूर झाली.

पुढे घरोघरी वीज आली तेव्हा वेगळा प्रश्न उभा राहिला. समजा वादळात ११,००० ची तार तुटून खालच्या घरगुती तारेवर पडली, किंवा ट्रान्सफॉर्मर आतून बिघडला, तर? घरातल्या बटनापर्यंत हजारो व्होल्ट येतील. यावर उपाय असा निघाला की ट्रान्सफॉर्मरपाशीच न्यूट्रल जमिनीला जोडून टाकायचा. म्हणजे भलता दाब आला तरी तो जमिनीत उतरेल आणि वरचा फ्यूज उडेल. या उपायावर इंजिनियर लोकांत पुष्कळ वर्षे वाद झाला. अमेरिकेच्या वायरिंगच्या नियमावलीने १९१३ मध्ये घरगुती पुरवठ्याला असे जोडणे सक्तीचे केले. आपल्याकडेही डीपीचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. डीपीखाली जमिनीत गेलेल्या पट्ट्या दिसतात, त्या यासाठीच.

वाद का झाला असेल? कारण या सुरक्षिततेची एक किंमत आहे. न्यूट्रल जमिनीला जोडला म्हणजे सगळी जमीनच न्यूट्रल झाली. आपण अंगणात अनवाणी उभे असतो तेव्हा विजेच्या दोन तारांपैकी एका तारेवर आधीच उभे असतो. दुसरीला नुसता हात लागायचा अवकाश. "मी एकाच वायरला हात लावला होता, तरी शॉक कसा बसला?" असे मुले नेहमी विचारत. त्याचे उत्तर हे आहे. दुसरी तार तुमच्या पायाखाली होती.

आणि म्हणून तिसरी तार लागते. फ्रीज, इस्त्री, गिझर, मिक्सर, मोटार यांच्या धातूच्या अंगाला एक तार जोडायची आणि ती जमिनीत नेऊन सोडायची. आतला फेज सुटून अंगाला लागला तरी विजेला माणसापेक्षा सोपी वाट तयार असते. प्रवाह एकदम वाढतो, फ्यूज वितळतो आणि कोणी हात लावण्याआधी वीज बंद होते. प्लगचे अर्थचे बोट जाड आणि लांब का, हेही यावरून कळेल. जाड अशासाठी की ते चुकूनही फेजच्या भोकात जाऊ नये. लांब अशासाठी की प्लग घालताना ते सर्वांत आधी लागावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे. राखणदाराने आधी यावे, शेवटी जावे!

कायद्यानेही हे ओळखले होते. १९१० चा वीज कायदा आणि त्याखालचे १९५६ चे नियम यांत वीज देणाऱ्याने ग्राहकाच्या जागेत अर्थचे एक टोक द्यावे आणि ते नीट ठेवावे, असे स्वच्छ लिहिले होते. वायरिंगचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे, असेही होते. पुढे २००३ चा नवा कायदा आला, २०१० मध्ये सुरक्षेचे नवे नियम आले, तेही २०२३ मध्ये पुन्हा नव्याने आले. कागदावर तिसरी तार कधीच विसरलेली नाही.

घरात मात्र वेगळे घडले. आमच्या घरी वीज आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. सागवानी पट्टीवर क्लिपा ठोकून दोन वायरी फिरवल्या, काळ्या गोल बटनांचा बोर्ड लागला, आणि माजघरात व ओसरीवर एकेक बल्ब आला. बस्स! बल्ब दोरीने टांगलेला, होल्डर बेकेलाइटचा, बटन बेकेलाइटचे. हात लागेल असा धातू कुठे नव्हताच. त्या घराला तिसऱ्या तारेवाचून अडलेही नाही.

मग हळूहळू वस्तू आल्या. आधी इस्त्री आली. मग टेबलपंखा, मिक्सर, फ्रीज, कूलर. निफाड तालुक्यातली थंडी प्रसिद्धच आहे, त्यामुळे बादलीत बुडवायचा हीटरचा रॉडही आला. बोअरची मोटार, पिठाची घरगुती गिरणी, वॉशिंग मशीन हे सगळे मागोमाग आले. या सगळ्यांना धातूचे अंग आहे आणि त्यातल्या निम्म्यांचा पाण्याशी संबंध आहे. वस्तू एकामागून एक आल्या, बोर्डावर तीन भोकांची सॉकेटेही आली. पण कित्येक घरांत त्या तिसऱ्या भोकामागे तारच नाही. वायरिंग दोन तारांच्या काळातले आणि वस्तू तीन तारांच्या काळातल्या, अशी ती गत आहे. काही ठिकाणी तीन बोटांचा प्लग दोन भोकांत बसत नाही म्हणून जाड बोट चक्क कापून टाकलेले मी पाहिले आहे.

१९८० च्या दशकातली गोष्ट सांगतो. माझ्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी आठ-दहा दिवस शाळेत आली नाही. चौकशी केली तेव्हा कळले की तिची आई गेली. परसात न्हाणीघर होते, वर पत्रा. न्हाणीतल्या दिव्याची वायर त्या पत्र्यावरून नेली होती आणि पत्र्याच्या कडेला घासून घासून तिचे आवरण निघाले होते. त्याच पत्र्याच्या लोखंडी खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली. आईने ओले लुगडे पिळून तारेवर टाकले. पावसाळ्याचे दिवस, अंगण ओले, पाय अनवाणी. शेजारी धावत आले तेव्हा न्हाणीतला दिवा लागलेलाच होता. फ्यूज शाबूत होता. मुलगी पुढे शाळेत आली ती स्वतःची वेणी स्वतः घालून, एका बाजूने सैल. तिला काय बोलावे हे मला सुचले नाही, म्हणून मी नुसती हजेरी घेतली.

फ्यूज शाबूत कसा राहिला, हे मला तेव्हा समजले नव्हते. नंतर समजले आणि तेच या लेखातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. फ्यूज माणसासाठी नसतो, तो वायरसाठी असतो. घरातला साधा फ्यूज ५ अँपिअरचा धरा. ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरला तर २३० भागिले १००० म्हणजे पाव अँपिअरही नाही. फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि माणसाला? एका अँपिअरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग, म्हणजे १ मिलिअँपिअर, कळतो. दहा-पंधरा मिलिअँपिअरला स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. म्हणूनच 'करंटने धरून ठेवले' असे म्हणतात. तीस-चाळीसच्या पुढे काही क्षण गेले की हृदयाचा ताल बिघडू शकतो. त्या माउलीच्या अंगातून याच्या कितीतरी पट प्रवाह गेला असणार.

आता कोणी म्हणेल, अर्थिंग असते तर ती वाचली असती. कदाचित. पण अर्थिंगही कसे, यावर ते अवलंबून आहे. आणखी एक भागाकार करू. फ्रीजच्या अंगाला फेज लागला आहे आणि जमिनीतून जाणाऱ्या सगळ्या वाटेचा रोध ५ ओहम आहे. २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर. फ्यूज लगेच उडेल. आता वैशाखातला खड्डा घ्या. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी ओली आणि वीज वाहायला उत्तम, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रोध १०० ओहमवर गेला तर २३० भागिले १०० म्हणजे सव्वादोन अँपिअर. फ्यूज उडणार नाही, एमसीबी पडणार नाही आणि फ्रीजचे अंग जिवंत राहील. बाहेरून बघायला तिन्ही तारा जागच्या जागी! अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, पाइपला वर तोंड ठेवून त्यात पाणी ओततात, ते यासाठीच. आमच्या गावात उन्हाळ्यात तुळशीला पाणी घालणारी घरे पुष्कळ आहेत, अर्थिंगला घालणारी मोजकी.

या अडचणीवरचा उपाय कित्येक दशकांपूर्वीच निघाला. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींतल्या मजुरांना शॉक बसून मृत्यू येत. तिथे हेन्री रुबिन याने १९५० च्या दशकात जमिनीत गळणारा अगदी थोडा प्रवाह ओळखून वीज तोडणारे साधन तयार केले. कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी, माणसाला किती प्रवाहापर्यंत हात सोडवता येतो, याचे प्रयोग धडधाकट स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक केले आणि १९६१ मध्ये घरगुती वापराचे तसे साधन शोधले. आपल्याकडे त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. त्याचे तत्त्व आपल्या बाजार समितीतल्या हिशेबासारखे आहे. जेवढा माल फाटकातून आत गेला तेवढा बाहेर आला पाहिजे. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. तीस मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजे कुठेतरी गळती आहे, कदाचित माणसाच्या अंगातून. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ते वीज तोडते. फ्यूजला जे कळत नाही ते याला कळते. त्या न्हाणीघराच्या वायरमागे हे असते तर फेज पत्र्याला लागून गळती सुरू होताच, किंवा फार तर तिचा हात तारेला लागताच, दिवा विझला असता. त्या काळी आमच्याकडच्या दुकानांत ते मिळतही नव्हते. आज मिळते. येवल्याच्या साध्यात साध्या पैठणीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळते.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर हे साधन त्याला दिवाच समजते. तेव्हा ते लावले म्हणून बेफिकीर होऊ नये.

ते लावतात आणि काढूनही टाकतात! २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर आले. इन्व्हर्टरच्या वायरिंगमध्ये न्यूट्रलची सरमिसळ झाली की आरसीसीबी सारखे पडते. मग "साहेब, याच्यामुळेच त्रास होतोय, डायरेक्ट करून देतो" असे म्हणून त्याला बगल दिली जाते. सारखे पडते म्हणजे ते काहीतरी सांगते आहे. खोकणाऱ्याचे तोंड बांधून खोकला बरा होत नाही.

याहून वाईट दोन युक्त्या आहेत. एक, अर्थची तार नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रललाच अर्थच्या भोकाशी जोडून देणे. टेस्टिंगला सगळे ठीक दिसते. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, की फ्रीजच्या अंगावर थेट २३० व्होल्ट येतात. दुसरी युक्ती शेतात दिसते. न्यूट्रल मिळत नाही म्हणून जमिनीत सळई ठोकून तीवर दिवा चालवायचा. ती सळई आणि तिच्याभोवतीची ओली जमीन यांत वीज खेळत असते. बैल चार पायांवर उभा असतो. पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून त्याला माणसापेक्षा लवकर झटका बसतो. पावसाळ्यात खांबाच्या ताणाजवळ जनावर बांधू नये, हे जुने लोक सांगत आले त्यात तथ्य आहे.

शेवटी शॉक बसलेल्या माणसाविषयी. पंपहाऊसमध्ये, कारखान्यात भिंतीवर एक तक्ता लावलेला असायचा, तुम्हीही पाहिला असेल. पालथा पडलेला माणूस आणि त्याच्या पाठीवर दाब देणारा दुसरा माणूस. असा तक्ता लावणे १९५६ च्या नियमांनी सक्तीचे केले होते. पालथे झोपवून पाठ दाबायची ती पद्धत ब्रिटनच्या शेफर यांची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. ती आता मागे पडली आहे. छाती दाबून हृदय चालू ठेवायची आजची पद्धत अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये १९६० साली प्रसिद्ध झाली आणि ती शोधणाऱ्यांत एक विल्यम कौवेनहोव्हेन हे डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंते होते! विजेच्या खांबांवर मरणारे लाइनमन कसे वाचवता येतील, या विचारातून ते या कामाकडे वळले होते. आज जगभर हृदय बंद पडलेल्या माणसांची छाती दाबतात, त्यामागे हे लाइनमन आहेत.

तेव्हा क्रम असा. आधी मेन स्विच बंद. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने माणसाला वायरपासून दूर करा, हात लावू नका. बाहेरची उघडी तार पडली असेल तर जवळही जाऊ नका, आधी वीज बंद करायला लावा. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट नसेल तर १०८ ला फोन करायला सांगून छातीच्या मध्यभागी जोरात आणि भरभर दाब द्या, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोच्या अहवालांनुसार २०१९ ते २०२१ या वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी १२ ते १३ हजारांवर माणसे गेली. त्यात शेतातली, कारखान्यातली, लाइनवरची सगळी आली. पण प्रत्येक घराच्या बाबतीत प्रश्न एवढाच असतो की आपल्या बोर्डात तिसरी तार आहे की नुसते भोक.

आता घरच्या मंडळींसाठी. आपल्या जुन्या वाड्याची दुरुस्ती निघाली आहे. फरशी कोणती, रंग कोणता, स्वयंपाकघराचा ओटा कसा, यावर फोनवर पुष्कळ चर्चा झाल्या आणि अजून होतील. नाना, वहिनी, पुण्याची आणि ठाण्याची सगळी मंडळी, माझे म्हणणे असे की फरशीच्या आधी चार गोष्टी ठरवा. परवानाधारक माणसाकडून अर्थिंगचा नवा खड्डा करून त्याचा रोध मोजून घ्यायचा, नुसते "केलंय साहेब" चालणार नाही. प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी तार न्यायची. ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी लावायचे आणि त्यावरचे चाचणीचे बटन महिन्यातून एकदा दाबून ते पडते का पाहायचे. प्रत्येक बटन फेजवर आहे ना, हे टेस्टरने बघायचे, नाहीतर दिवा बंद असूनही होल्डरमध्ये वीज असते. परसातली कपड्यांची लोखंडी तार मी या आठवड्यात काढली आणि नायलॉनची दोरी बांधली. त्यासाठी कोणाला विचारले नाही.

खर्चाचा अंदाज मागवला आहे. आला की सर्वांना कळवतो. ज्यांच्याकडे जुने वायरिंग आहे त्यांनी आपापल्या घरी काय आढळले ते मलाही जरूर कळवा.